कोऱ्या कागदावरच्या सह्या

सह्या आधी घ्यायच्या आणि मजकूर नंतर लिहायचा, हे मला संघटनेत पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं. शिकवणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. भिवंडीत माणूस थांबत नाही. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जाणारा घाईत असतो, लूमवरून येणारा पेंगत असतो. त्याच्या हातात दोन पानी निवेदन ठेवलं की तो ते परत करतो. म्हणून रेघांचा कोरा फुलस्केप पुढे करायचा, तोंडाने "पाण्यासाठी आहे," "रस्त्यासाठी आहे" एवढंच सांगायचं आणि पेन द्यायचं. कामतघरच्या नाक्यावर उभा राहून मी अशा शेकडो सह्या घेतल्या आहेत. मजकूर संध्याकाळी दादा लिहायचे. दादा म्हणजे संघटनेतले आमचे वरिष्ठ. त्यांच्या हाताखालीच मी पत्रक लिहायला शिकलो.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते ह्या सवयीतून झालं. सवय होती म्हणून माफ करा, असं मात्र मला म्हणायचं नाही.

आमचं कॉलेज सकाळचं. पहिला तास सात दहाला. ही वेळ कोणाच्या लहरीने ठरलेली नाही. दुपारी बाराला निम्मी मुलं कामाला लागतात. कोणी लूमवर, कोणी गोदामात, कोणी भावाच्या दुकानात. माझं घर टेमघरला, वडील कारकून, आई शाळेत शिकवते. मी दुपारी घरी जाऊन जेवून झोपत असे किंवा संघटनेच्या खोलीवर जात असे. कॉलेज सकाळी का भरतं, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता. आणि मी विद्यार्थ्यांचा नेता होतो.

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्याला ठराव मांडता येतो. बहुतेकांना हे माहीत नसतं. ऑफिसच्या कपाटाशेजारी काचेत एक कागद लावलेला आहे, त्यावर नियम आहेत. शंभर विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन कोणीही कॉलेजच्या कारभारात बदल सुचवू शकतो. ठराव आठ दिवस फलकावर लागतो. मग गुप्त मतदान. निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर महिन्याच्या आत अंमलबजावणी, नाहीतर प्राचार्यांनी लेखी कारण द्यायचं. ठराव पडला तर त्या विषयावर त्या वर्षी दुसरा ठराव नाही. तो कागद मी शोधून काढला, ह्याचा मला कोण अभिमान! त्यावर मी पत्रक काढलं. 'ही भीक नाही, हा हक्क आहे!' मथळा एवढा मोठा की खाली नियम लिहायला जागाच उरली नव्हती. नियम बारीक अक्षरात बसवले.

ते बारीक अक्षर एकीने वाचलं.

ती माझ्याच वर्गातली. अंबाडीच्याही आतल्या गावची. घरी थोडी भातशेती, वडील वीटभट्टीवर. वर्गात ती कायम पस्तीस मिनिटं उशिरा यायची आणि दारातून "सर, येऊ?" म्हणायची, एवढीच तिची मला ओळख. एके दिवशी मधल्या सुट्टीत माझं पत्रक घडी घालून घेऊन आली.

"ह्याच्यात लिवलंय ते खरं हाय का? की नुसतंच छापलंय?"

"खरं आहे. का?"

तिने सांगितलं. गावातून पहाटेची पहिली एसटी, अंबाडीला उतरून दुसरी गाडी, भिवंडी-वाडा रस्त्यावर कंटेनर अडकलेले, स्टँडवरून पळत कॉलेज. कितीही केलं तरी पावणेआठ. अर्थशास्त्राचा तास कायम पहिला, कारण ते सर बाहेरून येतात आणि त्यांना पुढे दुसरं कॉलेज असतं. सर हजेरी सुरुवातीला घेतात. उशिरा आलेल्याला बसू देतात, पण हजेरी लावत नाहीत. म्हणजे ती रोज वर्गात असायची आणि रोज गैरहजर असायची.

"अर्थशास्त्रात पंच्याहत्तर टक्के भरत न्हाय माझे. परीक्षेचा फॉर्म भरू देणार न्हायीत. आणि यंदा फॉर्म अडला ना, तर घरचे पुढे पाठवायचे न्हायीत. बा म्हणालाय तसं."

"मग काय मागायचं? कॉलेजची बस?"

"बस कशाला? हजेरी तासाच्या शेवटी घ्या म्हणावं. कोणाचं काय जातंय?"

तिने वहीचं पान पुढे केलं. त्यावर निळ्या शाईत एकच वाक्य होतं: 'पहिल्या तासाची हजेरी तास संपताना घेण्यात यावी.' खाली सही. संपला ठराव.

मी म्हणालो, "सोड माझ्यावर."

आज मला वाटतं, त्याच पानाखाली शंभर सह्या घेतल्या असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला सवय कोऱ्या कागदाची. दोन दिवसांत मी वर्गावर्गातून फिरलो. "हजेरीसाठी आहे रे, कर सही." मुलं पेन घेत होती, सही ठोकत होती. कामतघरचा माझा मित्र, शाळेपासूनचा, बाराला बापाच्या जागी लूमवर उभा राहणारा, तोही म्हणाला, "नेते, इस बार क्या बंद करवाना है?"

"काही बंद नाही, हजेरीचं आहे."

"फिर ठीक," म्हणाला आणि सही केली. त्याची सही मोठी, दोन ओळी खाणारी. मी त्याला ओरडलोही, "जागा वाचव की जरा."

सह्या घेऊन मी संघटनेच्या खोलीवर गेलो. दादांनी तिचं पान वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"हजेरी शेवटी घ्या? ही मागणी आहे का? ही विनंती झाली. उद्या म्हणाल, खिडकी जरा उघडी ठेवा."

बाकीचे हसले. मीही हसलो. हे लिहिताना पहिली लाज इथली वाटते. तिचं पान हातात धरून मी हसलो.

"मूळ अन्याय काय आहे?" दादांनी विचारलं.

"सात दहाची वेळ," मी म्हणालो.

"मग तेच लिही."

मी लिहिलं. 'कॉलेज सकाळी नऊ वाजता सुरू झालेच पाहिजे!' पुढे दीड पान होतं. ग्रामीण विद्यार्थिनींवरील अन्याय, प्रशासनाची मनमानी, झोपलेल्या व्यवस्थेला जाग आणा वगैरे. तिचं वाक्य मी टाकलंच नाही. नऊला कॉलेज झालं तर हजेरीचा प्रश्नच उरणार नव्हता, असा माझा हिशोब. ते दीड पान सह्यांच्या वर टाचलं आणि दुसऱ्या दिवशी उपप्राचार्य मॅडमकडे दिलं. ठराव आणणारा म्हणून माझं नाव. ठराव फलकावर लागला तेव्हा मी त्याचा फोटो काढून चार ग्रुपवर टाकला.

त्या सकाळी ती नेहमीप्रमाणे पावणेआठला आली, पण वर्गात गेली नाही. फलकासमोर उभी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. कौतुक ऐकायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

"हे मी न्हाय लिवलं," ती म्हणाली.

"अगं, मुद्दा तुझाच आहे. मोठा करून मांडलाय. मोठं मागितलं की निदान मधलं मिळतं."

"मला मधलं नको होतं. मी मागितलेलं तेच पायजे होतं." मग फलकावरून नजर न काढता म्हणाली, "नऊला भरलं तर सुटणार कधी? दोनला? कामावरची पोरं काय करतील?"

मी म्हणालो, ती तडजोड नंतर बघू.

"मागं घे ना. नियमात हाय, मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत मागं घेता येतं. तुझ्याच पत्रकात वाचलं."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मी म्हणालो, "विचार करतो." चळवळीतला माणूस असं म्हणतो तेव्हा त्याचा विचार आधीच झालेला असतो.

मित्राने मला दुपारी गाठलं. बाराचे भोंगे होऊन गेले होते, म्हणजे त्याचा खाडा होत होता, तरी तो थांबला होता. त्याने मला कॉलरला धरलं नाही. धरलं असतं तर बरं झालं असतं.

"भाई, माझ्याच सहीने माझी ड्युटी घालवतोस?"

"तसं नाही रे..."

"कसं आहे मग? तू बोला था हाजरी. मी साइन केलं तेव्हा वर काय होतं? कागज कोरा होता, साले. दोनला सुटलो तर लूमवर कोण, तुझा बाप उभा राहणार?"

"हळू बोल."

"हळूच बोलतोय. मॅडमला जाऊन सांगितलं ना, तर तू गेलास. म्हणून नाही सांगत. शाळेपासूनचा आहेस. पण मत नाही देणार, आणि माझ्या लाइनीतला, लूमवर जाणारा एक पण नाही देणार. लिहून घे. वर काय लिहायचं ते नंतर लिही."

तो गेला. त्याचं शेवटचं वाक्य मला आठवडाभर टोचत राहिलं, तरी मी ठराव मागे घेतला नाही. मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागणार होतं, आणि दादा म्हणाले असते, कच खाल्ली.

मतदान ग्रंथालयात झालं. छापील चिठ्ठीवर होय आणि नाही अशा दोन चौकटी, एकीत खूण करायची. ठराव पडला. थोडक्यात नाही, सपशेल. मॅडमनी निकाल फलकावर लावला आणि मला म्हणाल्या, "भाषा चांगली आहे हं तुमची. मुलांना विचारलं होतंत का?"

मी काय केलं? घरी गेलो आणि पत्रक लिहिलं. 'गुलामीची सवय झालेल्यांनो!' मुलांनाच झोडपलं. माझ्या मते ते माझं सर्वांत जोरदार पत्रक होतं. कॉलेजच्या फाटकावर मी ते स्वतः वाटत होतो तेव्हा ती समोरून आली. तिने एक घेतलं, तिथेच उभ्याने वाचलं.

"ह्याच्यात मी पण आले," ती म्हणाली. "मी 'नाही'वर खूण केली."

"तू? तुझ्यासाठी केलं ना हे सगळं!"

"माझ्यासाठी? त्या पोरांची कामं घालवून मला हजेरी नको होती." तिने पत्रक परत माझ्या गठ्ठ्यावर ठेवलं, नीट, कडा जुळवून.

त्यानंतर ती स्वतःचं ते एक वाक्य घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी नियम दाखवला. वेळ आणि हजेरी हा विषय ठरावात येऊन पडला आहे, यंदा पुन्हा नाही. पहिला ठराव रीतसर नव्हता असं सिद्ध झालं, तर तो झालाच नाही असं धरता येईल. "सह्यांच्या वेळी मजकूर काय होता, सांगू शकतेस का?" मॅडमनी तिला सरळ विचारलं.

ती वहीचं पान उचलून उठली. बाहेर आली, मला शोधलं आणि म्हणाली, "मी सांगितलं न्हाय. तुझं तू सांग. फॉर्म अडणाऱ्यांची यादी लागायला पंधरा दिवस हायेत."

"दोन दिवस दे," मी म्हणालो.

ते दोन दिवस कसे लांबले ते लिहितो. पहिल्या दिवशी मॅडम मीटिंगमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी नव्हत्या, पण ऑफिसात शिपाई होता आणि त्याच्यासमोर कसं बोलायचं, म्हणून परत फिरलो. मग विद्यार्थी परिषदेसाठी आमच्या संघटनेकडून माझं नाव पुढे आलं. दादा म्हणाले, आत्ता काही गडबड करू नकोस. मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, तरी मी ते वाक्य माझ्या कामाचं म्हणून उचललं. मग दिवाळीची सुट्टी. सुट्टीत तिचा एक मेसेज आला, 'सांगितलं का'. मी त्यावर अंगठा टाकला. अंगठ्याचा अर्थ काय होतो, तिने कसा घेतला असेल, हे मला माहीत होतं.

शिक्षा होईल ही भीती नव्हती. कॉलेजातून कोणी काढत नसतं. भीती फक्त एवढीच, की लोक हसतील. दुसऱ्याच्या कोडगेपणावर दहा पत्रकं लिहिलेल्या माणसाला स्वतःचा कोडगेपणा पंधरा दिवस सहज सांभाळता आला.

सुट्टी संपली आणि यादी लागली. तिचं नाव होतं. अर्थशास्त्र. पुढे लाल रेघ.

यादीपुढे गर्दी होती. ती मागे उभी होती, तिला पुढे जायची गरज नव्हती. मी तिथून सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कागद कोरे होते, तोंडी हजेरी म्हणालो, वर नऊ वाजताचं टाचलं. मॅडमनी चष्मा काढला.

"हे पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर?"

मी म्हणालो, "हो."

"हो काय? हे काय उत्तर झालं?"

त्यांनी तेच मला सगळ्या मुलांसमोर सांगायला लावलं. सभागृहात माइक होता, नेहमी मीच हिसकावून घेत असे तो. त्या दिवशी माझा आवाज पहिल्या तीन रांगांपलीकडे गेला नाही. "जोरात, नेते!" कोणीतरी ओरडलं. "लिहून आणलंय का कोरंच आहे?" सगळं सभागृह हसलं. मित्र तिसऱ्या रांगेत होता. तो हसला नाही, खाली बघत राहिला. ते जास्त लागलं. पुढे परिषदेसाठीचं माझं नाव गेलं, आणि दादांनी मला खोलीवर बोलावणं बंद केलं. त्यांचा राग कोऱ्या कागदांवर नव्हता, मी ते बोलून दाखवलं ह्यावर होता.

माझा ठराव रद्द झाला. तिचं वाक्य तिच्याच सहीने फलकावर लागलं. ह्या वेळी वर मजकूर आणि खाली सह्या, आणि त्या मित्राने गोळा केल्या. प्रत्येकाला वाक्य वाचून दाखवत होता, "सुन ले पहले, मग साइन." मतदानात विरोधात इतकी थोडी मतं पडली की मोजणारे सर गमतीने म्हणाले, ही चुकून पडली असतील.

पण तोवर फॉर्म बंद झाले होते. मी मॅडमना विचारलं, तिला सवलत मिळेल का? "यादीच्या आधी मंजूर झाला असता तर ह्या सत्राची हजेरी नव्या पद्धतीने धरता आली असती, यादीनंतर नाही," त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं, पण नियम तोच होता. मीच कपाटाशेजारून शोधून काढलेला.

ती कॉलेजात यायची बंद झाली. महिनाभराने मी अंबाडीला गेलो. फोनवर बोलायची हिंमत झाली नाही, आणि समोर जायची झाली असंही नाही, पण गेलो. नाक्यावर गोदामाची बस येते तिथे ती चार बायकांबरोबर उभी होती, गळ्यात कंपनीचं कार्ड. मला बघून बाजूला आली.

"ठराव पास झाला," मी म्हणालो.

"कळलं. पोरींनी सांगितलं. आता आमच्या गाडीच्या तिघी हायेत, त्यांची लागते हजेरी." तिला खरंच बरं वाटलं होतं. ह्याची मी तयारी करून गेलो नव्हतो.

मी माफी मागायला सुरुवात केली. तिने मध्येच विचारलं, "तुझा फॉर्म भरला?"

"हो."

"तुझी किती हाय हजेरी? तू तर वर्गात नसायचाच."

"कमी आहे."

"किती?"

"निम्मीसुद्धा नाही."

"मग?"

मग सांगावं लागलं. विद्यार्थी कार्यासाठी बाहेर असतो म्हणून संघटना दर सत्राला प्राचार्यांना पत्र देते, आणि आमची हजेरी माफ होते. पहिल्या वर्षापासून होते. मी ते पत्र कधी वाचलंही नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, एखादं गणित पुन्हा करून बघावं तशी.

"त्या पत्रात किती नावं घालता?"

"सात-आठ."

"मग माझं पण घालायचं व्हतं की. मी आले असते तुझ्या संघटनेत."

हे मला सुचलं नव्हतं. शपथेवर सांगतो, एकदाही सुचलं नव्हतं. तिच्यासाठी मी कॉलेजची वेळ बदलायला निघालो होतो, व्यवस्था उलथायला निघालो होतो, आणि एका पत्रात तिचं एक नाव घालणं माझ्या डोक्यात आलं नाही. कारण ते पत्र मला अन्याय वाटतच नव्हतं. ते मला माझंच वाटत होतं.

"जूनमध्ये येशील ना परत?" मी विचारलं.

"बा काय म्हणतोय बघू. सध्या काय बोलत न्हाय तो." बस आली तशी तिने कार्ड ओढणीवरून बाहेर काढलं. "तू जा आता. इथं उभा नको राहू, सोबतच्या बाया विचारतात."

मी परतीची गाडी धरली. पुढच्या सोमवारी प्राचार्यांना अर्ज दिला की माझी माफ केलेली हजेरी रद्द करावी. मजकूर चार ओळींचा, सही शेवटी. क्लार्कने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, असा अर्ज कुठल्या फाइलीत लावायचा हे त्याला माहीत नाही. अजून उत्तर आलेलं नाही. मी रोज सात दहाला वर्गात असतो. पावणेआठला त्या तिघी येतात, सर मान हलवतात, त्या बसतात, आणि तास संपताना त्यांची नावं घेतली जातात. तिचा नंबर आला की सर तो गाळून पुढे जातात.